रोजची अकरा वचनं

येशूच्या जवळ राहायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं, असं विचारलं की मंडळीत बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: बायबल वाचा आणि प्रार्थना करा. उत्तर खरं आहे, पण भाकरी कशी करायची असं विचारणाऱ्याला ‘पीठ मळा आणि भाजा’ म्हणावं, तसं आहे. पाणी किती, तवा किती तापवायचा, भाकरी चिरते का, हे सगळं सांगायचं राहूनच जातं. आमच्या घर-प्रार्थनागटात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशी दोन्हीकडची माणसं आहेत. रोजच्या सरावातून जे टिकलं आणि जे मोडलं, ते इथे मांडतो आहोत.

आम्ही रोज शुभवर्तमानांतली, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांतली, अकरा वचनं वाचतो. हा आकडा मोजून काढलेला आहे. मत्तयात १,०७१, मार्कात ६७८, लूकमध्ये १,१५१ आणि योहानात ८७९, अशी चार शुभवर्तमानांची मिळून ३,७७९ वचनं होतात. रोज अकरा घेतली तर ३४४ दिवस लागतात. वर्षातले एकवीस दिवस उरतात. ते मुद्दाम उरवलेले आहेत: ताप येतो, घरात लग्न निघतं, कधी नुसतंच चुकतं. ज्या योजनेत चुकायला जागा नसते ती पहिल्याच चुकीला सोडून दिली जाते, हे आम्ही पुष्कळ पाहिलं आहे.

संपूर्ण बायबल वर्षभरात वाचायची पद्धत चांगलीच आहे. १,१८९ अध्याय, आठवड्याचे सहा दिवस तीन-तीन आणि रविवारी पाच, असा तो हिशेब. शास्त्राची ओळख व्हायला ती प्रत्येकाने एकदा तरी करावी. पण त्या वेगाने जानेवारी संपता संपता लेवीय हे नियमांचं पुस्तक येतं, आणि तिथे अनेकांची गाडी रुतते. त्याहून मोठी अडचण ही, की तीन अध्याय संपवायचे म्हटल्यावर डोळा पानावर राहतो आणि मन ‘अजून किती उरलं’ याच्यावर. येशूजवळ बसायचं असेल तर मजकूर कमी हवा आणि थांबणं जास्त हवं. सुरुवात मार्कापासून करा. छोटं शुभवर्तमान आहे, साधारण दोन महिन्यांत पुरं होतं, आणि त्यात येशू सतत काहीतरी करताना दिसतो: चालतो, शिवतो, रागावतो, दमून होडीत झोपतो. त्याच्या सहवासात राहायला शिकणाऱ्याला आधी तो दिसायला हवा.

अकरा म्हणजे अकराच असं नाही. गोष्ट मध्येच तुटत असेल तर दोन कमी करा किंवा तीन जास्त घ्या.

जागा आणि वेळ एकदाच ठरवा. रोज सकाळी ‘आज कधी बसू’ असा विचार करावा लागला की तो विचारच वेळ खातो. प्रभू म्हणतो, आपल्या खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर. चाळीतल्या दहा बाय बाराच्या घरात पाच माणसं राहत असतील तर कोणती खोली आणि कोणतं दार? आमच्या आया-आज्यांनी याचं उत्तर केव्हाच शोधलं होतं. त्या चुलीपाशी किंवा खाटेच्या कडेला बसून डोक्यावरून पदर घेत. पदर डोक्यावर आला की आई प्रार्थनेत आहे, हे घरातल्या तान्ह्याखेरीज सगळ्यांना कळे. तो पदर म्हणजेच दार. ओढणी चालते, शाल चालते, पुरुषांना भिंतीकडे तोंड केलेली खुर्चीही चालते. घरच्यांना एक खूण माहीत असली आणि ती रोज तीच असली, की पंधरा-वीस मिनिटं कोणी हाक मारत नाही.

पहाटेचा आग्रह आम्ही धरत नाही. मार्क १:३५ मध्ये प्रभू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला, म्हणून पहाट पवित्र मानायची रीत पडली आहे. ज्याला जमते त्याने ती जरूर पाळावी. पण मिशन हॉस्पिटलांच्या काळापासून मराठी ख्रिस्ती घरांत नर्सिंग हा जणू घरचाच पेशा आहे, आणि रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आलेल्या बाईला पहाटेचा नेम सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिने घड्याळाऐवजी उठण्याशी वेळ बांधावी: झोपून उठल्यावर, चहाच्या आधी. पाळी बदलली तरी ही वेळ बदलत नाही.

आता त्या वीस मिनिटांत काय करायचं ते पाहू.

पहिली दोन मिनिटं काही करायचं नाही. पाय जमिनीवर, हात मोकळे. प्रभू इथे आहे, एवढंच मनात म्हणायचं. ही दोन मिनिटं फार लांब वाटतात आणि नवशिके तीच आधी गाळतात. मग पुढची अठरा मिनिटं धावतपळत जातात.

मग वचनं मोठ्याने वाचायची, निदान ओठ हलवून. मनातल्या मनात वाचताना ओळखीची वाक्यं डोळा गिळून टाकतो. तोंडाने वाचताना तसं करता येत नाही, प्रत्येक शब्द उच्चारावा लागतो. तीनदा वाचायची. पहिल्यांदा नुसती गोष्ट कळण्यासाठी. दुसऱ्यांदा येशू काय करतो एवढ्यावरच नजर ठेवून. तिसऱ्यांदा हळू, आणि जिथे मन अडखळेल तिथे थांबायचं. बाराव्या शतकातला कार्थुसियन संन्यासी दुसरा गुईगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द दर्शन अशी चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवली आहे. आमची पद्धत तिच्याच आधाराने उभी आहे.

मार्क १०:४६ ते ५२ घ्या. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय. इथे सातच वचनं आहेत, पण त्या दिवशी सात पुरतात. पहिल्या वाचनात चमत्कार दिसतो, आंधळा बरा झाला. दुसऱ्या वाचनात येशूवर लक्ष ठेवलं की एकोणपन्नासाव्या वचनातलं एक छोटं क्रियापद समोर येतं: येशू थांबला. तो यरुशलेमेला निघाला आहे, तिथे आपलं काय होणार हे त्याने वाटेत शिष्यांना तीनदा सांगितलं आहे, मागे लोकांचा मोठा समुदाय आहे, आणि एका भिकाऱ्याच्या ओरडण्याने तो थांबतो. तिसऱ्या वाचनात कोणाला ते वस्त्र दिसतं, जे टाकून बार्तीमय उठला. रस्त्यावर बसणाऱ्याचं ते पांघरूण, कदाचित नाणी पडावीत म्हणून पुढे पसरलेलंही असेल. आंधळ्याने टाकलेली वस्तू त्याला गर्दीत पुन्हा सापडायची नाही. डोळे मिळण्याआधीच त्याने ते टाकलं. कोणाचं मन गर्दीपाशी अडखळतं: आधी ‘गप्प बस’ म्हणणारेच लोक घटकाभरात ‘धीर धर, तो तुला बोलावतो आहे’ म्हणतात.

यातलं एकच धरायचं. तिन्ही धरायला गेलं की प्रवचन तयार होतं आणि प्रार्थना राहून जाते.

मग बोलायचं, पाच-सात मिनिटं. येशूने बार्तीमयाला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळ्याला काय हवं हे उघड होतं, तरी विचारलं. त्याच्या तोंडून ते ऐकायचं होतं. तोच प्रश्न आपल्याला विचारला आहे असं धरून उत्तर द्यायचं. उत्तर द्यायला वेळ लागतो. पहिलं उत्तर बहुतेक वेळा पाठ झालेलं असतं: आशीर्वाद दे, कुटुंबाला सांभाळ, तुझी इच्छा पूर्ण होवो. ते होऊ द्यावं आणि थोडं थांबावं. दुसरं किंवा तिसरं उत्तर खरं असतं: मुलीच्या फीची भीती वाटते, भावाशी बोलणं बंद आहे आणि मला ते सुरू करायचं नाही.

भाषेचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. मंडळीत उभं राहून प्रार्थना करताना आपण ‘हे परमपवित्र स्वर्गीय पित्या’ म्हणतो. ती सगळ्यांची मिळून भाषा आहे आणि तिथे ती शोभते. एकट्याने तीच वापरली की तिच्या आड लपता येतं. घरात जी बोलतो ती बोली वापरा. वसईतल्या कुपारी माणसाने सामवेदीत बोलावं, खानदेशातल्याने अहिराणीत. देवाला ‘तू’ म्हणायची मुभा मराठीने आपल्याला दिलीच आहे. आईला तू, देवाला तू. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, ते मराठी कानाला जराही परकं वाटलं नाही. माउलीशी जसं बोलतो तसं बोलावं, कुरकुर आली तर कुरकुरही सांगावी. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रं काय थोडी आहेत?

शेवटी एका चिठ्ठीवर एक ओळ. ‘येशू थांबला.’ बस. चिठ्ठी खिशात, पर्समध्ये किंवा ओट्यावरच्या डब्याला चिकटवलेली. वीस मिनिटं संपली.

दिवसभराचं काम ही चिठ्ठी करते. आमच्याकडे तिला तीन जागा ठरलेल्या आहेत: घराबाहेर पडताना उंबऱ्यावर, दुपारच्या जेवणाआधी, आणि परतीच्या वाटेवर. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. बिगारीच्या कामात हात गुंतलेले असले तरी हे जमतं. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू स्वयंपाकघरात राबत असत, आणि भांड्यांच्या खणखणाटातही आपण देवाजवळ तितकेच शांत असतो, असं ते सांगत. ते एका दिवसात साधलं नव्हतं, पहिली दहा-एक वर्षं मन सारखं निसटत होतं, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. विरार लोकलमध्ये चिठ्ठी काढायलाही हात हलत नाही, तिथे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची जुनी श्वासाची प्रार्थना कामी येते. श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. बार्तीमयाची हाक आणि लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराची विनवणी, दोन्ही तिच्यात आहेत. मोजत बसू नका आणि श्वास ओढूनताणून लांबवू नका, चक्कर येते. स्टेशनं येतील-जातील, तेवढं चालू द्या.

संध्याकाळी दहा मिनिटं. ही दिवसाची तपासणी आम्ही जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांच्याकडून घेतली आहे, तिचे पाच भाग आहेत. आधी आभार, आणि ते नाव घेऊन: ‘सगळ्यासाठी आभार’ म्हटलं की कशासाठीच होत नाहीत, म्हणून आज बसमध्ये जागा देणाऱ्या मुलासाठी, आज मऊ शिजलेल्या भातासाठी. मग प्रकाश मागायचा, कारण स्वतःला आपण आपल्या सोयीने पाहतो. तिसरा भाग मोठा: सकाळपासून तासातासाने दिवस आठवायचा. मी कुठे येशूसोबत होतो, कुठे त्याला मागे टाकून पुढे गेलो? भाजीवाल्याशी घासाघीस करताना आवाज चढला तो क्षण, साहेबांसमोर अर्धंच खरं सांगितलं तो क्षण. मग क्षमा मागायची, तीही नेमकी. ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ हे रविवारच्या पापांगीकारात सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, इथे भाजीवाल्याचं नाव घ्यायचं. शेवटी उद्याची एक गोष्ट ठरवून प्रभूची प्रार्थना म्हणायची.

हे अंथरुणात करू नका. तिसऱ्या भागाला झोप लागते आणि दिवसच आठवायचा राहतो. जेवणाआधी करावं. घरात सगळ्यांची मिळून संध्याकाळची प्रार्थना असेल, रोझरी असेल, तर तिच्या लगेच आधी.

आता जे बिघडतं त्याकडे येतो. मोबाइल सगळ्यात आधी. मोबाइलवरचं बायबल प्रवासात सोयीचं आहे, पण सकाळच्या वेळेला छापील प्रत घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा घालून जवळ ठेवलेला फोनही मन ओढतो. आणि पहाटे पाचपासून गटांवर येणारी फुलांच्या चित्रांवरची वचनं म्हणजे वाचन नव्हे. ती दुसऱ्या कोणीतरी निवडलेली, संदर्भातून तोडलेली आणि जवळजवळ सगळी दिलाशाची असतात. ‘आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे ये’ हे वचन गुलाबाच्या चित्रावर क्वचितच येतं.

दुसरा बिघाड मंडळीत काम करणाऱ्यांचा. पाळक, शब्बाथ शाळेचे शिक्षक, प्रार्थनासभा चालवणाऱ्या भगिनी यांचं मन कोणतंही वचन वाचलं की ‘हे अमक्याला सांगायला हवं’ असं म्हणतं. ही सवय इतकी मुरलेली असते, की आपण स्वतः कधी ऐकतच नाही हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. उपाय साधा आहे: शेजारी वेगळी वही ठेवा, सुचलेला मुद्दा एका ओळीत तिच्यात टाका, आणि परत या. वही नसली तर मन तो मुद्दा विसरू नये म्हणून घोळवत बसतं.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी बावीस वचनं वाचू नका. ही आमच्याकडे ठाम शिस्त आहे. थकबाकी भरायला लागलं की दोन दिवसांनी तेहतीस होतात, आठवड्याने प्रभूचं तोंड चुकवावंसं वाटतं, जसं उधारी थकलेला माणूस वाण्याच्या दुकानावरून जायचं टाळतो. जिथे सोडलं तिथून अकरा. त्या एकवीस दिवसांतला एक गेला, इतकंच.

भांडण मात्र असं सोडून देता येत नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू सांगतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आला असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, मग ये. रोज सकाळी त्याच माणसाचा चेहरा प्रार्थनेच्या मध्ये येत असेल, तर ते लक्ष विचलित होणं समजून झटकू नका. फोन करा, जा, निदान चिठ्ठी लिहा. समोरच्याने दार लावून घेतलं तर ते त्याच्याकडे, आपलं पाऊल पडलेलं असावं. महिन्याच्या प्रभुभोजनाआधी किंवा प्रायश्चित्त संस्काराआधी हे केलेलं बरं.

कोरडेपणावर जरा थांबून लिहितो, कारण बहुतेक माणसं तिथे सुटतात. सुरुवातीचे दोन-तीन महिने वचनं गोड लागतात, डोळ्यांत पाणी येतं. मग एक दिवस काहीच होत नाही. तीनदा वाचलं तरी कागदावरची अक्षरंच. आठवडे जातात. माणूस दोन निष्कर्ष काढतो: माझं काहीतरी पाप आहे, किंवा पद्धतच फोल आहे. पाप असेल तर ते संध्याकाळच्या तपासणीत नाव-गाव घेऊन समोर येतं. तसं काही समोर येत नसेल, तर नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला विचारा.

‘मी वेल, तुम्ही फाटे’ असं प्रभू म्हणाला, त्या देशात वेल थंडीत झोपते आणि मुख्य छाटणी एकदाच होते. आपल्या उष्ण हवेत वेल तशी झोपत नाही, म्हणून ती दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी. काड्या इतक्या मागे कापतात की ओलांड्यावर, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांदीवर, जेमतेम डोळे (फूट येण्याच्या जागा) राहतात. भर उन्हात बाग उघडीबोडकी, नुसती खोडं आणि तारा. नवख्या माणसाला वाटेल बाग मेली. पुढे फूट येते, काड्या वाढतात, पण त्या फुटीवर फळ धरत नाहीत. ते महिने बाहेरून बिनफळाचे दिसतात. मात्र त्याच महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या आत, नुसत्या नजरेला न दिसणारा सूक्ष्म घड तयार होत असतो. ऑक्टोबरच्या छाटणीआधी बागायतदार डोळे तपासून घेतो, कितव्या डोळ्यात घड आहे ते बघतो आणि त्यावरून कुठे कापायचं ते ठरवतो. ऑक्टोबरनंतर दिसणारा घड उन्हाळ्यात तयार झालेला असतो. खरड छाटणीनंतर बागेकडे दुर्लक्ष करून, पाणी तोडून ऑक्टोबरला घड मागणारा बागायतदार कोणी पाहिला आहे का?

अशा दिवसांत इग्नाशियसचे दोन नियम आम्ही शब्दशः पाळतो. एक, कोरडेपणात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. वेळ, जागा, वचनं, सगळं तसंच. बदल करायचा तर मन पुन्हा ओलं झाल्यावर. दोन, ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसायचं. वीस मिनिटांना कंटाळा आला तर एकवीस. हा नियम ऐकताना उलटा वाटतो, करून पाहिल्यावर त्याचं मर्म कळतं: एक मिनिट आधी उठायची सवय लागली की महिन्याभरात वीसची दहा होतात. आमची एक भर, या काळात चिठ्ठीवर वचनच लिहावं, आपला अनुभव लिहू नये. लिहिण्यासारखा अनुभव नसतो, आणि ओढून आणलेला अनुभव दुसऱ्या दिवशी खोटा वाटतो.

दर महिन्याला एकदा कोणातरी एका विश्वासू माणसाजवळ बसा. पाळक, फादर, सिस्टर, किंवा मंडळीतली जुनी, तोंडाने घट्ट बाई. अर्धा तास पुरतो. महिन्याच्या चिठ्ठ्या समोर ठेवल्या की आपल्याला न दिसलेलं त्यांना दिसतं: तीस चिठ्ठ्यांपैकी नऊ भीतीबद्दल आहेत, आणि बोलताना तर भीतीचा उल्लेखही आला नव्हता.

आजारपणात हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. तापात, ऑपरेशननंतर, मन खचलेलं असताना अकरा वचनं झेपत नाहीत आणि झेपावीत असा हट्टही धरू नये. तेव्हा वाचायचं काम घरच्यांचं किंवा मंडळीचं. एकच वचन निवडा, माणसाला आधीपासून पाठ असलेलं. तेविसाव्या स्तोत्राची सुरुवात जवळजवळ सगळ्यांना येते. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून नको. उशाशी बसा, कानाजवळ तोंड न्या, रोजच्या आवाजात हळू म्हणा, आणि अर्ध्यावर थांबा. ओठ हलले तर पुढचं त्यांना म्हणू द्या. नाही हलले तर आपण पूर्ण करा. मग थोडा वेळ हात धरून गप्प बसा. उद्या पुन्हा तेच वचन.